भुरीच्या पोटातला आवाज

सोमवार, ३ मार्च

ठकू,

पत्राला उशीर झाला, माफ कर. सहा वर्षांच्या उशिराला उशीरच म्हणतात का, ते मला ठाऊक नाही. मी सातवी पास, तीही दुसऱ्या खेपेला. तू लाल पेन्सिलीनं माझी जोडाक्षरं सुधारायचीस, ती अजून तशीच अडखळतात. पत्ता तुझ्या आत्यानं दिला. देताना म्हणाली, "दादा, मी दिला असं सांगू नकोस हं." तेव्हा ते मी सांगितलेलं नाही असं समज.

तू का बोलत नाहीस ते मला माहीत आहे. माहीत नसल्याचं सोंग आणणार नाही. तू दवाखान्यातून तबेल्यावर फोन केलास, बाळ गेल्याचं सांगितलंस, आणि मी "बरं झालं, बरं झालं" म्हणून फोन ठेवून दिला. लग्नाच्या वेळी "त्या घरात तुझं काही रुजायचं नाही" असं मी चारचौघांत बोलून बसलो होतो. तू ते आणि हे जोडलंस. कुणीही जोडलं असतं.

त्याबद्दलच लिहायला बसलो आहे. त्या दिवशी इकडे फार गडबड होती. नालबंद आलेला होता, एक घोडा उधळला होता, धरायला माणूस नव्हता. माझं लक्ष थाऱ्यावर नव्हतं. असं झालं ते.

आता वाचून बघितलं तर लंगडं वाटतंय. पण खोडत नाही. खोडलं तर पुन्हा लिहायचा धीर व्हायचा नाही.

आजच का लिहितोय, तर भुरी आजारी आहे. तुला आठवत असेल. तू बारावीला होतीस तेव्हा आली आणि पहिल्याच दिवशी तुझ्या भूगोलाच्या वहीची दोन पानं खाल्लीन. आता म्हातारी झाली आहे, पण अजून घाबरट मुलांना पहिल्यांदा तिच्याच पाठीवर बसवतात. आठवडाभर नीट खात नव्हती. पुढच्या पायानं जमीन उकरायची, मान वळवून स्वतःच्या पोटाकडे बघायची. लीद पातळ.

डॉक्टरीणबाई आल्या. तुझ्याच वयाच्या असतील. त्यांनी कोपरापर्यंतचा रबरी हातमोजा घेतला, त्यात भुरीची लीद भरली. जमिनीवर पडलेली नाही, वरच्यावर झेललेली. जमिनीवरची घेतली तर तिथलीच वाळू येते. मग मोज्यात पाणी ओतून हलवलं आणि खुंटीला टांगून ठेवला. आम्ही चहा प्यायलो. तेवढ्यात लीद वर राहिली आणि वाळू खाली बोटांत उतरली. पाचही बोटं टम्म. खुंटीवर कुणाचा तरी सुजलेला हात टांगल्यासारखं दिसत होतं.

"एवढी?" मालकीणबाई म्हणाल्या.

"ही एका वेळच्या लिदेतली. आत किती असेल ते तिलाच माहीत."

गेल्या साली मोकळ्या आवारात नवीन वाळू पसरली आणि गवत तिच्यावरच टाकत आलो. भुरीचे दात झिजलेत. लांब काड्या चावत नाहीत, म्हणून ती खाली गळलेला बारीक पाला ओठांनी टिपत बसते. पाल्याबरोबर वाळूही जाते, आणि जड म्हणून आतड्याच्या तळाशी बसते. बसत बसत वाट बंद करते.

मालकीणबाई डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या, "हे आमचे कानवाले. घोड्याच्या पोटाला कान लावून दुखणं सांगतात." माझं हे नाव अजून चालू आहे. डॉक्टरीणबाई खूश झाल्या. मला स्टेथोस्कोप दिला, छातीच्या हाडामागे पोटाच्या खालच्या अंगाला कुठे लावायचा ते दाखवलं. म्हणाल्या, लाट मागे जाताना किनाऱ्यावर सर्रर्र होतं ना, तसं ऐकू येईल. रोज सकाळी पाच मिनिटं ऐकायचं. मी लावून बघितला. आवाज चांगला येत होता.

जास्त लिहीत नाही. तुझ्या यजमानांना नमस्कार सांग, त्यांना चालणार असेल तर.

तुझा बाबा


बुधवार, १२ मार्च

ठकू,

उत्तर आलं नाही. येईल असं समजूही नये, पण पोस्टमनची सायकल दिसली की मी फाटकापाशी जातो. तो लांबूनच हात हलवतो. त्याचा हात चांगला समजतो मला.

भुरीचं सांगतो. चार दिवस रोज डॉक्टरीणबाईंनी नाकातून पोटात नळी घातली आणि जुलाबाचं मीठ आणि इसबगोल पाण्यातून आत सोडलं. इसबगोल वाळूला धरून बाहेर आणतो. पण तो पाण्यात पडला की फुगायला लागतो, आणि वेळ गेला की बादलीतच खळ होऊन नळी तुंबते. म्हणून त्या नळी धरून बसणार, मी भुकटी पाण्यात टाकून ढवळणार आणि त्या "ओता" म्हणाल्या की लगेच ओतणार. पहिल्या दिवशी माझी बादली थिजली. भुकटी जुनी असावी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, तीनदा म्हटलं मी." पुढचे तीन दिवस मी त्यांच्या तोंडाकडे बघत उभा राहिलो, सगळं व्यवस्थित झालं.

पाचव्या दिवसापासून त्यांना दुसरीकडे जायचं होतं. जाताना बजावून गेल्या. मोजा एक दिवसाआड टांगायचा. वाळू कमी व्हायला लागली की त्याचे दोन अर्थ. एक तर पोट रिकामं झालं, नाही तर उरलेली आत घट्ट बसली आणि सुटायची बंद झाली. मोजा दोन्ही वेळेला सारखाच दिसतो. "त्यातलं कुठलं, ते तुमचे कान सांगतील. आवाज असेल तर औषध चालू ठेवायचं."

सोमवारी मोज्यात वाळू जवळजवळ नव्हती, एका करंगळीत चिमूटभर. मी पाच मिनिटं ऐकलं. दहा ऐकलं. काही आवाज नाही. मालकीणबाईंना सांगितलं, त्यांनी फोनवर डॉक्टरीणबाईंना कळवलं. औषध बंद झालं आणि भुरीला पुन्हा बाहेर सोडलं. सगळे म्हणाले, कानवाले आहेत म्हणून बरं. मी त्या रात्री जेवलो नाही. वय झालं की असं होतं.

नालबंद तुम्हा सगळ्यांची चौकशी करतो. तो बोलला की त्याच्या मिशाच हलतात, ओठ दिसत नाहीत, फार वैताग येतो. मी त्याला सगळं ठीक आहे म्हणून सांगतो.

त्या फोनचं अजून लिहायचं राहिलं आहे. आज होत नाही.

तुझा बाबा


बुधवार, १९ मार्च

ठकू,

आधीच्या दोन पत्रांत मी खोटं लिहिलं आहे. ती फाडली नसलीस तर आता फाड, पण हे एवढं वाच.

परवा सकाळी मी नेहमीप्रमाणे आलो, भुरीच्या शेजारच्या खणात शिरलो, हौद धुतला, पाणी भरलं. मजेत होतो. तेवढ्यात नालबंदानं येऊन माझा खांदा गदागदा हलवला.

"अरे, मेलास का लेका? ती भिंतीला लाथा मारतेय! रस्त्यापर्यंत धडधड ऐकू जातंय!"

मधे एक फळ्यांची भिंत. हात लावला तेव्हा फळी थरथरताना कळली. पलीकडे भुरी घामानं निथळत होती. खाली पडायची, लोळायची, उठून पुन्हा पडायची. गुडघे सोलले होते. किती वेळ चाललं होतं ते मला माहीत नाही. जो शेजारी उभा होता त्यालाच माहीत नाही.

डॉक्टरीणबाई तासाभरात आल्या. कळ थांबवायची सुई दिली. मग पोटाखाली वाकून डोळे मिटून ऐकलं आणि तशाच वाकलेल्या राहिल्या.

"समुद्र आहे आत. कानवाले, तुम्ही कुठे ऐकत होता?"

मी जागा दाखवली. बरोबर होती.

"आणि तुम्हाला हे ऐकू नाही आलं?"

मी म्हणालो, "काल नव्हतं." म्हणालो मी, ठकू. घोडी पुढ्यात तडफडतेय आणि मी म्हणालो, काल नव्हतं.

त्यांनी स्टेथोस्कोप काढून माझ्या कानांत घातला आणि पोटाकडचं टोक आपल्या हातात ठेवलं. मला त्यांचं तोंड तेवढं दिसत होतं. "आता येतोय?" मी म्हणालो, हो, येतोय. "आणि आता?" हो, आता जास्त. वाळूचाच आहे.

नालबंदानं मान खाली घातली. मालकीणबाईंनी तोंडावर हात धरला. तेव्हा मी वळून बघितलं. ते टोक डॉक्टरीणबाईंच्या हातात होतं. भुरीच्या पोटापासून वीतभर लांब, हवेत.

मी गवताच्या गठ्ठ्यावर बसलो. कुणी हसलं असतं तर परवडलं असतं.

डॉक्टरीणबाईंनी औषधाची वही उघडली आणि तिच्यात लिहून माझ्यापुढे धरली. "कधीपासून?" मी पेन घेऊन खाली लिहिलं, "नऊ वर्षं." डावा कान पार गेला आहे. उजव्याला जवळचं, मोठ्यानं बोललेलं, थोडंफार येतं. बाकी मी ओठ वाचतो आणि अंदाजानं बोलतो. स्टेथोस्कोपातून मला पहिल्या दिवसापासून काहीही आलेलं नाही. इसबगोलची भुकटी ताजी होती.

मालकीणबाईंनी वहीत डोकावलं. त्या काय म्हणाल्या ते मला लख्ख समजलं, कारण त्या माझ्या तोंडासमोर येऊन म्हणाल्या. "स्वतःची लाज झाकायला माझी घोडी मारत होतात तुम्ही?"

मी हो म्हणालो. नऊ वर्षांत पहिल्यांदा अंदाज न लावता हो म्हणालो.

आता तुझ्याकडे येतो. नऊ वर्षं म्हणजे तुझा फोन आला तेव्हा तीन वर्षं झाली होती. नालबंद त्या दिवशी आला नव्हता. घोडा उधळला नव्हता. काही गडबड नव्हती, दुपारची वेळ होती, मी खुराकाच्या खोलीत एकटाच होतो. फोन वाजला तेही भिंतीवरचा लाल दिवा लुकलुकला म्हणून कळलं.

बहिऱ्या माणसाजवळ दोन-तीन उत्तरं तयार असतात. 'हो का', 'बघू' आणि 'बरं झालं'. त्यातलं 'बरं झालं' सगळीकडे खपतं. गाडी वेळेवर आली, बरं झालं. पावसानं उघडीप दिली, बरं झालं. फोनवर तर मला धड काही कळत नसे, तोंडही दिसत नसे. म्हणून मी झटपट बोलून ठेवून द्यायचो. जितका वेळ बोलावं तितकं उघडं पडायची भीती.

तुझा आवाज मी ओळखला. "बाबा" ऐकलं. "बाळ" ऐकलं. पुढचं नाही. तू हुंदके देत होतीस. मला वाटलं, हसतेयस. मला वाटलं बाळ झालं, पोरगी आनंदानं हसतेय. दिवस भरायला दोन महिने होते, हे या टाळक्यात आलं नाही. म्हणून मी म्हणालो ते. दोनदा म्हणालो. आणि ठेवून दिला.

तिसऱ्या दिवशी तुझी आत्या आली. समोर बसून, माझा गुडघा धरून म्हणाली, "दादा, असं कसं बोललास रे तू पोरीला?" आणि मग काय घडलं ते सांगितलं. तिचे ओठ मी नीट वाचले. त्याच वेळी सांगता आलं असतं. मला ऐकू येत नाही, एवढे चार शब्द. पण मागच्याच महिन्यात फाटकावरच्या रखवालदाराला गाडीचा भोंगा ऐकू येत नाही म्हणून घरी बसवलं होतं. आणि मी तर कानवाला. कान गेले म्हटल्यावर माझ्यात उरतं काय? मी आत्याला म्हणालो, "बोललो ते बोललो."

बहिरा म्हणवून घेण्यापेक्षा मी दगड म्हणवून घेतलं, ठकू. तुझ्या जिवावर.

नोकरीचं कारण वर लिहिलं ते खरं आहे, पण पुरतं खरं नाही. पहिल्या महिन्यानंतर नोकरीचं काही नव्हतं. नंतर नुसती लाज होती. रोज सकाळी आज लिहू म्हणायचो, आणि कालच्या दिवसाची लाज त्यात पडायची.

आज थांबतो. भुरी उभी आहे. अजून काही खरं नाही.

बाबा


सोमवार, २४ मार्च

ठकू,

भुरी वाचेल असं डॉक्टरीणबाई म्हणतात. म्हणतात म्हणजे वहीत लिहितात. रोज नळी, रोज मीठ आणि इसबगोल. काल दुपारी तिनं लीद टाकली, ती बघायला सगळा तबेला गोळा झाला. ओली करडी वाळू, ओंजळी भरभरून. नालबंद म्हणाला, "हिच्या लिदेत दोन विटा थापून होतील." माझ्याकडे तोंड करून म्हणाला, सावकाश. आता तो माझ्याशी बोलताना मिशा वर धरतो. विनोदी दिसतं, पण मला हसू येत नाही. आवारात आता रबरी चटया टाकल्या आहेत, गवत उंच गव्हाणीत घालतो. पोट ऐकायचं काम मालकीणबाई स्वतः करतात. मला खरारा करायला आणि खण साफ करायला ठेवलं आहे. काढून टाकलं असतं तर मी मुकाट गेलो असतो.

एक अजून सांगायचं आहे. हे आधीच्या पत्रात लिहायला घेतलं होतं आणि तो कागद जाळला. हे वाचून तुला माझी किळस येईल. पण अर्धं सांगून थांबलो तर तेही खोटंच.

तुझा फोन ठेवल्यावर मी कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो, लिमलेटच्या गोळ्या आणल्या आणि तबेल्यात सगळ्यांना वाटल्या. नात झाली म्हणालो. मुलगीच झाली असं का वाटलं कोण जाणे. नालबंदानं दोन घेतल्या, एक घरी नेली. आत्या आली तोवर सगळ्यांच्या तोंडी झालं होतं. आता त्यांना खरं सांगायचं तर चुकीचं ऐकलं हे सांगावं लागणार. मी नाही सांगितलं.

मग ते विचारायला लागले. नात कशी आहे? मी म्हणायचो, छान आहे. दात आले का? आले. चालते का? चालायला लागली. नालबंदाची नात तिच्याच वयाची, म्हणून तो प्रत्येक गोष्ट विचारायचा आणि मी त्याच्या नातीचं बघून आपल्या नातीचं सांगायचो. यंदा तिला पहिलीत घातली आहे. गणितात बरी आहे म्हणून सांगितलं मी. तुझ्यासारखी.

सहा वर्षं. तू तिकडे रिकाम्या हातांनी बसलीस, आणि मी इकडे ते मूल वाढवत होतो, माझे कान झाकायला. कधी कधी मलाच खरं वाटायचं. घरी जाताना शाळेपुढून वाट वाकडी करून जायचो. कुणाकडे बघत होतो मी? पण तसं होतं.

शनिवारी नालबंदाला सांगितलं. तो काळ्या घोड्याचा खूर घासत होता. मी म्हणालो, "मला नात नाही. नव्हती कधी." त्यानं कानस थांबवली. मग माझ्याकडे तोंड केलं.

"पहिलीत आहे म्हणालास ना."

"खोटं."

"मग आमच्या पोरीनं तिच्यासाठी राखी रंगाचा कापडी घोडा शिवलाय तो?"

त्यानं पाय खाली ठेवला, हात पुसले. तो मला शिव्या देईल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "आधी तुझ्या पोरीला सांग. मग माझ्याशी बोल." आणि दुसऱ्या घोड्याकडे गेला. तेव्हापासून तो कामापुरतंच बोलतो.

म्हणून हे पत्र.

माफी मागतो असं लिहायला गेलो तर पेन अडतं. तो शब्द माझ्या तोंडी बरा दिसत नाही. तू माफ करावंस म्हणून हे लिहिलेलं नाही. तू एवढी वर्षं ज्या बापाचा राग धरलास, तो बाप त्या दिवशी काय समजून काय बोलला ते तुला कळायलाच हवं होतं, आणि ते मी अडवून धरलं.

तुला एकच विनंती करतो. फोन करू नकोस. फोनवर मी पुन्हा काहीतरी हो हो म्हणून बसेन. येऊही नकोस, तुला यावंसं वाटेपर्यंत. लिही फक्त. रागानं लिही, एका ओळीत लिही, चालेल. डोळे माझे अजून चांगले आहेत.

आत्या मला सगळं सांगत होती, पण मी मधेच तिला गप्प केलं, आणि नंतर कधी विचारलं नाही. गोळ्या वाटल्या त्या दिवसापासून मी नात, नात म्हणत आलो. मुलगा होता की मुलगी, ठकू? तुम्ही त्याला काही नाव ठेवलं होतं का? तेवढं लिहून कळव. लवकर कळव.

बाबा